मूल कार सीटमध्ये बसतच नाही? सेन्सरी गरजा असलेल्या मुलांसाठी सीट आणि बूस्टर कसं निवडायचं

कल्याण-शीळ रोड, पत्रीपूल, माजिवडा, घोडबंदर रोड. ही नावं ऐकली की आपल्याला ट्रॅफिक आठवतं. पण ज्या घरात स्पर्श, आवाज किंवा हालचाल इतरांपेक्षा वेगळी जाणवणारं मूल आहे, त्या घराला आधी गाडीतली रडारड आठवते. डोंबिवलीहून ठाण्याला थेरपीसाठी जायचं, तर सीटचा पट्टा लावण्यातच अर्धा तास जातो. मूल पाठीची कमान करतं, बक्कल उघडतं, खाली सरकतं. शेवटी कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आज मांडीवर घे."

हा लेख त्या "जाऊ दे"बद्दल आहे. तुम्ही स्वतः तरुण आईबाबा असाल, किंवा घरातले मामा, आत्या, काका, ताई-दादा असाल, तर ऑनलाइन सीट शोधायचं काम बहुतेक वेळा तुमच्याकडेच येतं. "तुला कळतं त्यातलं, तूच बघ" असं म्हणून मोबाइल आपल्या हातात दिला जातो. म्हणून नेमकं काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊया.

सेन्सरी गरजा म्हणजे काय?

आपला मेंदू सतत सिग्नल घेत असतो. कपड्याचा स्पर्श, पंख्याचा आवाज, ऊन, वास, शरीर सरळ आहे की कललंय, असं बरंच काही. बहुतेक लोकांचा मेंदू यातले बिनकामाचे सिग्नल आपोआप म्यूट करतो. काही मुलांचा करत नाही. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९६०-७० च्या दशकांत या विषयावर पायाभूत काम केलं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या मार्गदर्शिकेत ऑटिझमच्या निकषांमध्ये सेन्सरी संवेदना कमी किंवा जास्त असण्याचाही समावेश झाला. अर्थात, ऑटिझम नसलेल्या मुलांमध्येही अशा गरजा असू शकतात.

यात साधारण दोन टोकं असतात. एका मुलाला सिग्नल खूप जोरात येतात: पट्ट्याची कडा त्याला करवतीसारखी वाटते, बक्कलचा "क्लिक" फटाक्यासारखा. दुसऱ्याला सिग्नल इतके हळू येतात की ते मूल ते शोधत राहतं: उड्या मारतं, पाय आपटतं, स्वतःला घट्ट दाबून घेतं. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. आवाज नकोसा आणि घट्ट मिठी मात्र हवीशी.

मग कार सीट म्हणजे काय? पाच पट्टे, एक बक्कल, गरम प्लॅस्टिक, नवा वास आणि हलता न येणं, हे सगळं एकाच वेळी. मुलाचं रडणं हा हट्ट असेलच असं नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तो एरर मेसेज आहे. मेसेज बंद करून प्रॉब्लेम सुटत नाही, तो वाचावा लागतो.

मांडीवर घेतलं तर काय बिघडतं?

थोडं गणित करू. गाडी ४० किमी वेगात आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. मूल १५ किलोचं आहे. धडक बसून गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर मुलाला धरून ठेवायला सरासरी १७० किलो वजनाइतका जोर लागेल. जिममध्ये जाणाऱ्या माणसालाही ते जमणार नाही. हाच वेग उंचीत मोजला तर सुमारे सव्वासहा मीटरवरून पडणं, म्हणजे बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून.

स्वतःचा सीट बेल्ट मांडीवरच्या मुलाभोवतीही गुंडाळणं तर आणखी वाईट. धडकेत मोठ्या माणसाचं सगळं वजन मागून मुलावर येतं आणि समोरून बेल्ट दाबतो.

"मागच्या सीटवर बसलोय ना" हाही समज काढून टाका. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. घोडबंदर रोड पुढे ज्या अहमदाबाद हायवेला मिळतो, त्याच हायवेवरची ही गोष्ट आहे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड. मुलाला सेन्सरी त्रास आहे म्हणून फिजिक्सचे नियम बदलत नाहीत. म्हणूनच त्याला झेपेल अशी सीट शोधणं हाच मार्ग उरतो.

आधी तीन अटी, मग बाकीचं

सेन्सरी गरजा महत्त्वाच्या आहेत, पण त्यांचा नंबर चौथा लागतो. आधी या तीन चाळण्या लावा. ज्या सीट यातून पास होतील, त्यांच्यातूनच मुलाला आवडेल ती निवडायची.

*चाळणी १: लेबल*

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये "सेफ", "प्रीमियम", "सर्टिफाइड" असं काहीही लिहिलेलं असतं. ते सोडा आणि लेबलचा फोटो शोधा. भारतात चाइल्ड सीटसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे आणि ते युरोपच्या आर४४ वर आधारलेलं आहे. आर४४ चं लेबल नारिंगी स्टिकरच्या रूपात असतं. त्यावर गोलात इंग्रजी "ई" अक्षर आणि एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे मान्यता देणाऱ्या देशाचा कोड: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स.

यापुढचं मानक म्हणजे आर१२९, ज्याला "आय-साइझ" या नावानेही ओळखतात. यात बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी असते, जी आर४४ मध्ये नव्हती. युरोपमध्ये सप्टेंबर २०२४ पासून नव्या आर४४ सीटची विक्री बंद झाली, आपल्याकडे त्या मिळतात. बजेटमध्ये बसत असेल तर आर१२९ घ्या. नसेल तर खऱ्या लेबलची आर४४ सीट, मांडीपेक्षा कितीतरी चांगली.

लेबलवरची दोन छोटी अक्षरंही आपल्या कामाची आहेत. आर४४ च्या लेबलवर इंग्रजी "वाय" असेल तर सीटला दोन पायांच्या मधून येणारा पट्टा आहे. "एस" असेल तर ती विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मान्य झालेली सीट आहे.

आणि एक सावधगिरी. "पोर्टेबल कार सीट" म्हणून कापडी पिशवीसारखा हार्नेस अगदी स्वस्तात विकला जातो. तो मऊ असतो, हलका असतो, त्यामुळे सेन्सरी मुलासाठी बरा वाटतो. पण त्यावर मान्यतेचं लेबल नसेल तर तो घेऊ नका.

*चाळणी २: मुलाचं माप*

वय विसरा. मोबाइलच्या नोट्समध्ये दोन आकडे लिहा: वजन आणि उंची. आर४४ वजनावर चालतं:

- ग्रुप ०+ : १३ किलोपर्यंत, तोंड मागे
- ग्रुप १ : ९ ते १८ किलो, सीटचे स्वतःचे पट्टे
- ग्रुप २ : १५ ते २५ किलो, बूस्टर आणि गाडीचा बेल्ट
- ग्रुप ३ : २२ ते ३६ किलो, बूस्टर आणि गाडीचा बेल्ट

आर१२९ उंचीवर चालतं आणि किमान १५ महिन्यांपर्यंत मुलाचं तोंड मागे हवं असं सांगतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१८ चा सल्ला याहून पुढचा आहे: सीटची मर्यादा संपेपर्यंत तोंड मागेच ठेवा. मात्र पुढे एअरबॅग चालू असताना तोंड मागे असलेली सीट पुढच्या सीटवर कधीही लावू नका.

*चाळणी ३: तुमची गाडी*

सीट गाडीला दोन प्रकारे बसते: गाडीच्या बेल्टने किंवा आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या चार्जिंग पोर्टसारखं समजा, एक ठरलेलं कनेक्शन. मागच्या सीटच्या फटीत एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर दोन धातूच्या दांड्या असतात, जाडी ६ मिलिमीटर. सीट त्यात सरळ अडकते. वरून एक पट्टा किंवा खाली एक पाय असतो, तो सीटला पुढे उलटण्यापासून अडवतो. वरचा पट्टा किंवा पाय न लावता नुसतं आयसोफिक्स अडकवणं म्हणजे अर्धवट काम.

आपल्यासाठी आयसोफिक्सचा खास फायदा सांगतो. सीट डुगडुगत नाही. तोल जाण्याची भीती वाटणाऱ्या मुलाला प्रत्येक वळणावर हलणारी सीट नकोशी होते. शिवाय बूस्टर आयसोफिक्सने अडकलेलं असेल तर मूल नसतानाही ते जागेवर राहतं.

जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल तरी हरकत नाही, बेल्टने बसणारी सीट घ्या. फक्त मागे मधल्या जागी कमरेपुरताच बेल्ट असेल, तर बूस्टर तिथे चालणार नाही. बूस्टरला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट लागतोच. अमेरिकेतल्या मावशीकडून सीट मागवणार असाल तर थांबा. तिथल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण ओढल्यावर लॉक होतो आणि बऱ्याच सीट ते गृहीत धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या गाड्यांत ही सोय सहसा नसते. मॅन्युअलची पीडीएफ आधी उघडून बघा.

नवी गाडी घ्यायचा विचार असेल तर भारत एनकॅपचं रेटिंग तपासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा कार्यक्रम सुरू आहे. त्यात मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण आहेत, म्हणून नुसते स्टार बघू नका, तो आकडाही बघा.

आता मुलाकडे बघा

तीन चाळण्यांतून दोन-तीन सीट उरतील. खरी निवड आता सुरू होते.

स्पर्श. सीटचं कापड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. जाळीदार, खरखरीत कापड काहींना चालत नाही, तर गुळगुळीत रेक्झिन घामाने चिकटतं. कव्हर निघणारं आणि धुता येणारं हवं. शिवण मांडीखाली कुठे येते तेही तपासा. पट्टा मानेला लागत असेल तर मऊ कॉलरचा सुती शर्ट घाला आणि कपड्यांची लेबलं कापून टाका.

दाब. घट्ट मिठी आवडणाऱ्या मुलाला पाच पट्ट्यांचा हार्नेस चक्क आवडू शकतो. अशा मुलाला बूस्टरकडे न्यायची घाई करू नका. दाब न आवडणाऱ्या मुलासाठी पट्टा सैल सोडणं हा उपाय नाही. पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी येत असेल तर तो सैल आहे.

आवाज. काही सीटचा क्लिक बारीक असतो, काहींचा मोठा. दुकानात डोळे मिटून ऐका. घट्ट करताना मागून येणारा "कर्रर्र" आवाजही ऐका. हेडफोन वापरत असाल तर डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांमुळे मान पुढे ढकलली जात नाही ना, ते बघा.

हालचाल. मळमळ होणाऱ्या मुलाला समोरच्या काचेतून बाहेर दिसेल अशी जागा बरी. स्क्रीन बघितल्याने मळमळ वाढू शकते. उलट, सतत पाय हलवणाऱ्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर ते जास्त अस्वस्थ होतं. पाय टेकायची जागा असलेली सीट मिळाली तर उत्तम.

ऊन आणि वास. एप्रिल-मे मध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमधली गाडी तव्यासारखी तापते. काळं कापड टाळा आणि उतरताना बक्कलवर पांढरा पंचा टाकून ठेवा. बसवण्याआधी बक्कलला स्वतः हात लावा. नव्या प्लॅस्टिकच्या वासासाठी सीट आठवडाभर बाल्कनीत सावलीत ठेवा.

दिसणं. सिग्नलवरचे दिवे, ट्रकचे हेडलाइट यांनी घाबरणाऱ्या मुलाला बाजूला खोल कडा असलेली सीट सुरक्षित कोपऱ्यासारखी वाटते. काहींना तीच कडा कोंडल्यासारखी वाटते. हे दुकानात बसवून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुलाला किमान दहा मिनिटं बसवा. ऑनलाइन घेत असाल तर रिटर्नची मुदत आधी वाचा.

बूस्टर कधी?

बूस्टर मुलाला उंच करतं, म्हणजे गाडीचा बेल्ट योग्य जागी येतो: खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर, वरचा खांद्याच्या मधोमध. बूस्टरशिवाय खालचा पट्टा पोटावर सरकतो आणि धडकेत आतल्या अवयवांना इजा करू शकतो.

लेबल दोन अटी सांगतं, वजन आणि उंची. तिसरी अट लेबलवर नसते: मूल अख्ख्या प्रवासात सरळ बसतं का? बेल्ट काखेतून घेणं, पाठीमागे टाकणं, बाजूला लोळणं, खाली सरकणं हे चालू असेल तर वजन भरलं तरी मूल बूस्टरसाठी तयार नाही. सेन्सरी गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत ही तिसरी अटच निर्णायक ठरते. "आता शाळेत जातो, मोठा झाला" हे कारण पुरेसं नाही. अशा वेळी जास्त वजनापर्यंत हार्नेस देणारी सीट शोधा.

बूस्टर घ्याल तेव्हा पाठ असलेलंच घ्या. पट्टा मानेपासून लांब ठेवायला त्यात खाच असते आणि झोप लागली तर डोक्याला आधार मिळतो. बिनपाठीचं बूस्टर आताच्या युरोपीय नियमांनुसार १२५ सेंटीमीटर उंचीनंतरच मान्य होतं. युरोपात मूल १५० सेंटीमीटर होईपर्यंत, काही देशांत १३५ पर्यंत, चाइल्ड सीट किंवा बूस्टर वापरावं लागतं. म्हणजे चौथी-पाचवीतल्या बऱ्याच मुलांनाही बूस्टर लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सीटमध्ये हे बदल करू नका

मुलाला बरं वाटावं म्हणून आपण जुगाड करतो. इथे जुगाड महागात पडू शकतो, कारण सीट जशी आहे तशीच तिची चाचणी झालेली असते.

- मुलाच्या पाठीमागे किंवा खाली उशी, गोधडी घालू नका. धडकेत ती दबते आणि पट्टा सैल होतो.
- बाजारातले जाड पॅड पट्ट्याखाली लावू नका. सीटसोबत आलेले चालतात.
- रेनकोट, जॅकेट, सणाचे जाड कपडे पट्ट्याखाली नकोत. आधी पट्टा लावा, मग वरून पांघरा.
- वजनदार ब्लँकेट सीटमध्ये नको. दाब हवा असेल तर निघण्याआधी द्या.
- टॅबलेट, स्टीलची बाटली, जड खेळणी हातात नकोत. धडकेत ती उडतात. कापडी खेळणं चालेल.

"निघण्याआधी दाब" म्हणजे काय? भिंत ढकलणं, पिशवी उचलून लिफ्टपर्यंत नेणं, घट्ट मिठी. काही मुलं अशा पाच-दहा मिनिटांनंतर सीटमध्ये शांत बसतात. तुमच्या मुलाला नेमकं काय चालेल ते त्याच्या थेरपिस्टला विचारा.

बक्कल उघडणारं मूल

ही सगळ्यात अवघड गोष्ट. आर४४ नुसार बक्कल उघडायला ४० ते ८० न्यूटन, म्हणजे साधारण ४ ते ८ किलोचा जोर लागायला हवा. लहान मुलाला सहज जमू नये आणि मदतीला आलेल्या माणसाला लगेच जमावं, असा तो हिशोब आहे. पण दाब आवडणाऱ्या, चिकाटीच्या मुलाला तेही जमतं.

बक्कलवर लावायची झाकणं मिळतात. ती घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. सीटची कंपनी त्याला परवानगी देते का? आणि अपघातात अनोळखी माणसाला ते उघडता येईल का? दोन्हींचं उत्तर "हो" नसेल तर नको.

त्याआधी साधे उपाय करा. खांद्याचे पट्टे योग्य उंचीवर आहेत का बघा: तोंड पुढे असेल तर खांद्याच्या बरोबरीने किंवा थोडे वर, तोंड मागे असेल तर बरोबरीने किंवा थोडे खाली. दारांचं चाइल्ड लॉक लावा. मुलाच्या हाताला दुसरं काम द्या, उदाहरणार्थ मऊ दोरीची गाठ सोडवणं. आणि एकच नियम पाळा: बक्कल उघडलं की गाडी सुरक्षित जागी थांबते, ओरडा नाही, भाषण नाही. बक्कल लागलं की गाडी निघते. घरातले सगळे हाच नियम पाळतील तर मुलाला तो कळतो. आजोबांच्या गाडीत वेगळा नियम असेल तर कळत नाही.

मोबाइलचा खरा उपयोग

मोबाइल मुलाच्या हातात देण्यापेक्षा तो तुमच्या हातात जास्त कामाचा आहे.

*व्हिडिओ काढा.* माझी ताई डोंबिवली पूर्वेला राहते. तिचा पाच वर्षांचा मुलगा सीटमध्ये बसताना रडायचा, सगळ्यांना वाटायचं पट्टा टोचतो. तिने उभ्या गाडीत पाच दिवस व्हिडिओ काढले. सावकाश बघितल्यावर दिसलं की पट्टा लागायच्या आधीच तो कानावर हात नेतोय. त्याला भीती क्लिकची होती. मग ती "एक, दोन, तीन, क्लिक" असं म्हणायला लागली आणि तीनला तो स्वतः कान झाकायला लागला. रडणं एका दिवसात थांबलं नाही, पण सीट बदलायचा खर्च वाचला.

*फोटोंची पट्टी बनवा.* चार फोटो: दार, सीट, बक्कल, पोचायचं ठिकाण. तुमच्याच गाडीचे, तुमच्याच सीटचे. रोज निघण्याआधी दाखवा.

*टायमर लावा.* सीट आधी हॉलमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी फक्त हात लावणं, मग दोन मिनिटं बसणं, मग पट्टा, मग बंद गाडीत, मग सोसायटीत एक फेरी, मग नाक्यापर्यंत. प्रत्येक पायरीला लागतील तितके दिवस द्या. हॉलमध्ये बसवाल तेव्हा मोठं माणूस शेजारी हवं.

*मॅप बघा.* निघायची वेळ बदलून बघा. शीळफाट्याला अडकून तास घालवण्यापेक्षा थेरपीची वेळ अर्धा तास पुढे-मागे करून मिळते का, हे विचारायला हरकत नाही.

*इमर्जन्सी माहिती.* सीटच्या बाजूला एक कार्ड चिकटवा: मुलाचं नाव, बोलतं की नाही, कशाने घाबरतं, दोन फोन नंबर. अपघातात तुम्ही बोलू शकला नाहीत तर ते कार्ड बोलेल. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

स्वतःची गाडी नसेल तर?

आपल्याकडे बहुतेक घरांचा प्रवास लोकल, रिक्षा आणि स्कूटरवर होतो. कॅब बुक केलीत तर ड्रायव्हरदादांना आधीच फोन करून विचारा: "मागचे बेल्ट सीट कव्हरच्या बाहेर आहेत ना?" बऱ्याच कॅबमध्ये बक्कल कव्हरखाली गाडलेलं असतं. आठवड्यातून दोनदा कॅब लागत असेल तर बेल्टने बसणारी, हलकी सीट तुमच्यासाठी योग्य. बिल्डिंगखाली उभं राहून ती लावायला किती मिनिटं लागतात, याचा सराव करून ठेवा.

रिक्षाला बेल्टच नसतो, त्यामुळे तिथे कार सीटचा उपयोग नाही. लांबच्या आणि वेगाच्या रस्त्यावर मुलासाठी ट्रेन किंवा बेल्ट असलेली कॅब बरी.

स्कूटरसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट, वेग ४० किमीच्या आत. हेल्मेटची सवयही सीटसारखीच, घरात दोन-दोन मिनिटांपासून लावा.

मदत कोणाकडे मागायची?

पहिलं नाव ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. पुढच्या वेळी जाताना गाडीतला व्हिडिओ घेऊन जा, "गाडीत खूप रडतो" या वाक्यापेक्षा तो जास्त सांगतो. अजून तपासणीच झाली नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सुरू झाला तोच पालघरहून, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची विकासातल्या अडचणींसाठीही यात तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्रांची योजना आहे. सरकारी रुग्णालयात किंवा अंगणवाडीत याबद्दल विचारा. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथेही ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. बसताना शरीराला जास्त आधार लागणाऱ्या मुलांसाठी तिथे सल्ला घ्या.

खरेदीआधी शेवटची नजर

१. लेबलचा स्पष्ट फोटो बघितला?
२. मुलाचं वजन आणि उंची आजची आहे, की सहा महिन्यांपूर्वीची?
३. तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे की बेल्टने लावायची, हे गाडीत हात घालून तपासलं?
४. कापड, क्लिक, कडा, पाय टेकायची जागा, यातलं मुलाला सगळ्यात जास्त काय खटकतं ते माहीत आहे?
५. रिटर्नची मुदत किती दिवस?
६. सेकंड हँड असेल तर अपघातातून गेलेली नाही याची खात्री, मूळ लेबल आणि सगळे पट्टे आहेत?

सगळ्यात महाग सीट सगळ्यात चांगली असतेच असं नाही. मान्यता असलेली, मापाची, गाडीत घट्ट बसणारी आणि तुमचं मूल रोज, प्रत्येक फेरीला ज्यात बसेल, ती तुमच्यासाठी चांगली सीट. ती सापडायला दोन दुकानं आणि तीन आठवडे लागले तरी चालतील. तोपर्यंत थेरपीची एखादी फेरी चुकली तर चुकू द्या, पण पट्ट्याशिवाय गाडी काढू नका.